धातू ठेवायचा कुठे?

पान हिरवेगार दिसले की माती चांगली असणार, असे आपण सहज धरून चालतो. जड धातूंच्या बाबतीत हा अंदाज फसतो. जपानच्या तोयामा प्रांतात झिन्झू नदीकाठची भातशेती वर्षानुवर्षे पिकत होती. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका इथे जस्ताची खाण होती. खाणीतले कॅडमियम नदीत आले, नदीतून पाटाच्या पाण्याने खाचरांत आणि खाचरांतून दाण्यात. भात दिसायला भातासारखाच होता. तो खाणाऱ्यांची, त्यातही उतारवयाकडे झुकलेल्या लेकुरवाळ्या बायांची, हाडे मात्र इतकी ठिसूळ झाली की खोकल्याच्या उबळीनेही मोडावीत. ‘इताई-इताई’ या नावाने ओळखला जाणारा हा रोग प्रदूषणामुळे होतो, हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

भाताने कॅडमियम सोसले, माणसांना ते सोसले नाही. वनस्पती जड धातू कसे सोसतात यावर गेल्या पन्नास वर्षांत अफाट लेखन झाले आहे. त्यातले बरेचसे ‘झाड जगले की मेले’ एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते. मला दुसरा प्रश्न अधिक कळीचा वाटतो. जे झाड जगले, त्याने तो धातू ठेवला कुठे? मुळात, पानात की दाण्यात? माती सुधारण्याच्या योजना, खाणींच्या ढिगाऱ्यांवरची लागवड, आपल्या ताटातली पालेभाजी, सगळ्यांचे उत्तर याच ठिकाणी येऊन थांबते.

आधी धातू आत शिरतो कसा ते पाहू. कॅडमियम, शिसे, पारा आणि आर्सेनिक यांचा बहुतेक वनस्पतींना काडीचाही उपयोग नाही. (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नव्हे, पण या चर्चेत ते नेहमीच धातूंच्या पंगतीला बसते.) तरीही मुळे त्यांना आत घेतात, कारण त्यांच्यासाठी वेगळे दार नसले तरी दुसऱ्यांसाठी ठेवलेली दारे उघडीच असतात. जमिनीत लोह कमी पडले की मूळ आपल्या पेशींच्या आवरणात लोह ओढणारी प्रथिने वाढवते. १९९६ साली अराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणात सापडलेले आयआरटी-१ हे त्यांतले पहिले. हे प्रथिन लोहाबरोबर जस्त आणि मँगनीजही आत घेते आणि त्यांच्या मागोमाग कॅडमियमही येते. म्हणून लोहाच्या कमतरतेने केवडा पडलेले पीक कॅडमियम अधिक ओढते. आर्सेनेट दिसायला फॉस्फेटसारखे, म्हणून ते फॉस्फेटच्या वाटेने येते. सहासंयुजी क्रोमियम सल्फेटच्या वाटेने येते. भातखाचरात पाणी तुंबले, मातीतला प्राणवायू संपला की आर्सेनेटचे आर्सेनाइट होते, आणि ते भाताच्या मुळातल्या सिलिकाच्या वाटेने आत जाते. भात हे सिलिकाचे मोठे गिऱ्हाईक. ती वाट त्याच्या मुळात रुंद असते. इतर तृणधान्यांपेक्षा भातात आर्सेनिक जास्त का सापडते, याचे निम्मे उत्तर या वाटेत आहे. उरलेले निम्मे तुंबलेल्या पाण्यात.

दारे बंद करून टाकावीत, तर झाड उपाशी मरेल. म्हणजे प्रश्न निवडीचा आहे, आणि कॅडमियम व जस्त यांच्यात निवड करणे सोपे नाही. आवर्तसारणीत दोघे एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक बसतात.

आत शिरलेला धातू काय करतो? पहिला फटका मुळाच्या टोकाला. तिथली वाढ खुंटते. धातू मिसळलेल्या आणि साध्या द्रावणात मुळे किती लांब होतात याची तुलना करून झाडाची सहनशक्ती मोजण्याची जुनी पद्धत यावरच आधारलेली आहे आणि आजही ती सर्वांत भरवशाची आहे. पुढे जस्ताच्या किंवा कॅल्शियमच्या जागी कॅडमियम जाऊन बसते आणि विकरे निकामी होतात. हरितद्रव्याच्या रेणूतल्या मॅग्नेशियमलाही हुसकावले जाते. कोवळी पाने पिवळी पडतात. तांब्यासारखे धातू ऑक्सिजनचे आक्रमक रेणू थेट तयार करतात. कॅडमियम ते स्वतः करत नाही, पण अशा रेणूंना आवरणारे ग्लुटाथायोन खर्ची घालून तोच परिणाम साधते.

या शेवटच्या भागावर आपल्या विद्यापीठांतून निघालेल्या निबंधांचा ढीग आहे. पेट्रीडिशमध्ये मूग किंवा गहू भिजवायचा, कॅडमियम क्लोराइडचे द्रावण घालायचे, आठवड्याने कॅटालेज किती वाढले आणि हरितद्रव्य किती घटले त्याचा तक्ता करायचा. द्रावणाची तीव्रता शंभर मायक्रोमोल, कधी पाचशे. प्रदूषित शेतातही मातीच्या पाण्यात कॅडमियम बहुधा एक मायक्रोमोलच्या आतच असते. इतक्या मोठ्या डोसाने रोपाचे हाल होतात हे सिद्ध करायला विज्ञानाची गरज नव्हती. शेतात वर्षानुवर्षे थोड्या थोड्या धातूत वाढणारे झाड काय करते, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती पेट्रीडिशमध्ये दिसत नाही.

झाडाच्या बचावाची पहिली फळी मुळाबाहेरच असते. काही मुळे सेंद्रिय आम्ले सोडून धातूला बाहेरच बांधतात. पाण्यात उभ्या भाताच्या मुळांवर लोहाचा तांबूस थर चढतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून राहते. तिवर आणि कांदळ यांच्या मुळांवरही असाच थर असतो. ठाण्याच्या खाडीसारख्या ठिकाणी कारखान्यांचा गाळ पचवत खारफुटी तग धरते, त्यात या थराचा आणि खालच्या सल्फाइडयुक्त चिखलाचा मोठा वाटा आहे. मुळाशी राहणाऱ्या बुरशा काही धातू स्वतःकडे अडवतात. शिसे तर पेशीभित्तिकेलाच इतके घट्ट धरून बसते की मुळाच्या वर फारसे चढतच नाही. पालेभाजीत सापडणारे शिसे बऱ्याचदा मुळातून आलेले नसून पानावर बसलेल्या धुळीचे असते. भाजी तीन पाण्यांनी धुण्याची घरची सवय शिशाच्या बाबतीत खरोखर कामाची आहे. कॅडमियमच्या बाबतीत ती निरुपयोगी.

बाहेर अडला नाही तो धातू आत बांधावा लागतो. तो कशाने बांधला जातो, या शोधाचा मुख्य नायक आपल्या ओळखीचा आहे. १९८५ साली म्युनिकमध्ये एर्विन ग्रिल, अर्न्स्ट-लुडविग विनाकर आणि माइनहार्ट झेंक यांनी सर्पगंधेच्या पेशी द्रवात वाढवून त्यांना कॅडमियम दिले. रक्तदाबाच्या औषधासाठी प्रसिद्ध असलेली हीच ती सर्पगंधा. पेशींनी झपाट्याने गंधकयुक्त छोटे पेप्टाइड बनवायला सुरुवात केली, आणि कॅडमियम त्यांना जाऊन चिकटले. शास्त्रज्ञांनी त्यांना फायटोकेलॅटिन हे नाव दिले. प्राण्यांत धातू बांधणारी प्रथिने जनुकाच्या आज्ञेवरून थेट बनतात. फायटोकेलॅटिन तसे बनत नाही. ग्लुटाथायोनचे तुकडे एकमेकांना जोडून एक विकर ते तयार करते, आणि धातू समोर आल्यावरच ते विकर कामाला लागते. त्या विकराचे जनुक १९९९ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी शोधले. ते नसलेली अराबिडोप्सिसची रोपे किरकोळ कॅडमियमनेही कोलमडतात.

बांधलेला धातू मग पेशीतल्या रिक्तिकेत ढकलला जातो. वनस्पतीच्या प्रौढ पेशीत बहुतेक जागा या द्रवाने भरलेल्या कोठारानेच व्यापलेली असते आणि तिथे फारसे चयापचय चालत नाही. धातू तिथे पडून राहिला तर कोणाच्या अध्यातमध्यात येत नाही. मात्र हे कोठार मुळात आहे की पानात, यावर पुढचे सारे ठरते. भातात ओएसएचएमए-३ नावाचे एक प्रथिन कॅडमियमला मुळातल्या रिक्तिकेत कोंडते. ज्या वाणांत ते निकामी असते, त्यांच्या दाण्यात कॅडमियम भरते. तंबाखू मुळात फारसे कोंडत नाही, पानात पाठवते. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात कॅडमियम जास्त आढळते ते त्यामुळे.

ही सहनशक्ती येते कुठून, याचा सर्वांत सुंदर अभ्यास वेल्समधल्या सोडून दिलेल्या खाणींवर झाला. अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांचे सहकारी १९६०च्या दशकात तांबे, शिसे आणि जस्ताच्या जुन्या ढिगाऱ्यांवर उगवणारे ॲग्रोस्टिस गवत गोळा करत फिरत होते. ढिगाऱ्यावरचे गवत धातूत तग धरत होते. काही पावलांवरच्या कुरणातले तेच गवत त्याच मातीत लावले की मरत होते. ड्रव्स-इ-कोएड या तांब्याच्या खाणीवर टॉम मॅकनीली यांना ही सीमा काही मीटरमध्ये बदलताना दिसली. वाऱ्याच्या दिशेला ती पुसट होत होती, कारण खाणीवरच्या गवताचे परागकण कुरणाकडे वाहत होते. खाणीवरचे गवत शेजाऱ्यांपेक्षा साधारण आठवडाभर आधी फुलते असेही आढळले. म्हणजे एकाच जातीचे दोन गट शेजारी शेजारी राहून एकमेकांपासून अलग होऊ लागले होते. खाणी शतकांपूर्वीच्या असल्या तरी उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ किरकोळ आहे. पुढे याच परंपरेतल्या संशोधकांनी जस्ताचा मुलामा दिलेल्या विजेच्या मनोऱ्यांखालचे गवत तपासले. पावसाने ओघळलेल्या जस्ताला सोसणारे गवत तिथे काही दशकांतच तयार झाले होते, आणि प्रत्येक मनोऱ्याखाली स्वतंत्रपणे.

कच्चा माल आधीपासूनच होता. साध्या कुरणातले हजारो बी धातूच्या मातीत पेरले की हजारांत एखाददुसरे रोप तगते. काही जातींत असे एकही रोप निघत नाही. त्या जाती खाणीवर कधीच दिसत नाहीत, कितीही वर्षे गेली तरी. निवड व्हायची तर निवडण्यासारखे काही आधी असावे लागते, हे इतक्या स्वच्छ दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत. आणि फुकट काहीच नाही. खाणीवरचे सहनशील गवत चांगल्या मातीत स्पर्धेत मागे पडते, नाहीतर ते सगळीकडेच पसरले असते. ब्रॅडशॉंच्या चमूने यातल्या काही गवतांचे वाण करून विकायला काढले. ‘मर्लिन’ नावाचे लाल फेस्क्यू गवत ढिगारे झाकण्यासाठी वापरले गेले.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला आर्सेनिकच्या खाणींवरच्या हॉल्कस गवताने वेगळा मार्ग काढला. त्याने फॉस्फेटचे दारच अर्धे मिटले. आर्सेनेट कमी आले, आणि फॉस्फेटही कमी आले.

ही सगळी धातूला दूर ठेवणारी किंवा कोंडणारी गवते. काही थोड्या वनस्पती याच्या नेमके उलट वागतात. धातू शोधून, ओढून, पानांत साठवतात. १९४८ साली इटलीतल्या मिंगुत्सी आणि व्हेर्न्यानो यांनी टस्कनीतल्या सर्पेंटाइन खडकांवर वाढणाऱ्या ॲलिसम बर्तोलोनी या पिवळ्या फुलांच्या झुडपाची राख तपासली. तिच्यात सुमारे १० टक्के निकेल निघाले. १९७६ साली न्यू कॅलेडोनियातल्या एका झाडाची माहिती प्रसिद्ध झाली, आज पिक्नँड्रा ॲक्युमिनाटा म्हणतात ते. त्याची साल खरवडली की निळसर हिरवा चीक येतो आणि वाळवलेल्या चिकाचा चौथा हिस्सा निकेलचा असतो. आता अशा अतिसंचयी वनस्पतींच्या ७००हून अधिक जाती माहीत आहेत. त्यांतल्या बहुसंख्य, पाचशेच्या वर, निकेलच्या. मलेशियातल्या साबामध्ये निकेल साठवणारा फायलँथस सापडतो, तो आपल्या भुईआवळ्याच्याच प्रजातीतला.

यांतल्या कित्येक जाती जंगलात न जाता सापडल्या. न्यूझीलंडचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूक्स यांनी १९७०च्या दशकात जगभरच्या वनस्पतिसंग्रहांकडून वाळवलेल्या नमुन्यांचे नखाएवढे तुकडे मागवले आणि त्यांतले निकेल मोजले. शंभर वर्षांपूर्वी कोणी तरी दाबून चिकटवलेले पान सांगू लागले की त्याच्या मुळांखाली निकेलचा खडक होता. आग्नेय आशियात पसरलेल्या रिनोरिया बेंगालेन्सिसचे भांडार असेच उघडे पडले. ही जात अंदमानच्या सर्पेंटाइन जमिनीवरही निकेल साठवते. आपल्या संग्रहालयांतल्या कपाटांत अजून किती साठा पडून असेल, हा विचार मोहात पाडणारा आहे. सिंधुदुर्गात कणकवलीच्या आसपास क्रोमाइट ज्या खडकांत मिळते, ते याच जातकुळीचे आहेत.

अतिसंचयी वनस्पती इतका धातू सोसते कशी? बरीच वर्षे अंदाज होता की तिच्यात फायटोकेलॅटिनचा पूर असणार. तो चुकला. ती बहुतेक भार साध्या सेंद्रिय आम्लांवर, सायट्रेट व मॅलेटवर, आणि निकेलच्या बाबतीत काही प्रमाणात हिस्टिडिनवर टाकते, आणि धातू पानाच्या बाहेरच्या पेशींच्या रिक्तिकांत ठेवते. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशी शक्य तितक्या बाजूला राहतात. खरा फरक वाहतुकीत आहे. युरोपातली अराबिडोप्सिस हॅलेरी जस्त आणि कॅडमियम साठवते. तिच्यात एचएमए-४ नावाच्या, मुळातला धातू जलवाहिनीत चढवणाऱ्या जनुकाच्या एकीऐवजी तीन प्रती आहेत, आणि तिन्ही जोरात चालू. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. या जनुकाचा आवाज कमी केला की झाडाची साठवणूक कोसळते. एक नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. जुनीच वाढवली. जाता जाता एक परिणाम: जस्त मुळातून एवढे उपसले जाते की मुळाला जस्ताची टंचाई झाल्यासारखे वाटते आणि ते आणखी ओढते.

एवढे विष साठवण्याचा फायदा काय, यावर अजून मतभेद आहेत. सर्वांत जास्त मान्य झालेला तर्क रॉबर्ट बॉइड आणि स्कॉट मार्टेन्स यांचा: पान खाणाऱ्या किड्यांपासून आणि रोगांपासून बचाव. प्रयोगांत अनेक किडे निकेलची पाने टाळतात किंवा खाऊन मरतात. पण निकेलने ठासलेल्या झाडावरच जगणारे किडेही सापडले आहेत.

आता आशेचा भाग. झाडे धातू ओढतात, तर त्यांच्याकडून माती स्वच्छ करून घ्यावी, ही कल्पना १९८०-९०च्या दशकांत फार गाजली. तिची किंमत साध्या हिशेबाने करता येते. एक हेक्टर शेताचा वरचा २० सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे २,६०० टन माती. मानू की किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि ते १ वर आणायचे आहे. काढायचे कॅडमियम १० किलोच्या थोडे वर. मोहरीचे भरघोस पीक, १० टन वाळलेला पाला, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम धरले तरी वर्षाला २०० ग्रॅम निघते. पन्नास वर्षे. नोक्सिया केरुलेसेन्स ही युरोपातली अतिसंचयी वनस्पती कितीतरी पट अधिक कॅडमियम साठवते, पण ती वीतभर उंचीची. ३ टन पाला आणि किलोमागे २०० मिलिग्रॅम धरले तर सतरा-अठरा वर्षे. इतकी वर्षे शेत कोण पडीक ठेवणार, आणि वर्षाकाठी निघालेला विषारी पाला नेणार कुठे?

ही अडचण ओलांडण्यासाठी शिशाच्या मातीत ईडीटीए ओतून मोहरी लावण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. ईडीटीए शिशाला मातीतून सोडवते, मोहरी ते ओढते, आणि आकडे थक्क करणारे दिसतात. पण सोडवलेल्या शिशातले बरेचसे झाडाकडे न जाता पावसाच्या पाण्याबरोबर खाली भूजलाकडे जाते. माती धुण्याच्या नावाखाली विहीर नासवणारी ही युक्ती मागे पडली ते बरेच झाले. २००१ साली फ्लोरिडात लाकडावरच्या रसायनाने आर्सेनिकयुक्त झालेल्या जागेवर लेना मा यांच्या गटाला टेरिस व्हिटाटा हे नेचे भरभरून आर्सेनिक साठवताना आढळले, किलोमागे २२ ग्रॅमपर्यंत. हे नेचे आपल्याकडे जुन्या भिंतींच्या आणि विहिरींच्या भेगांत सर्रास उगवते. बंगालच्या आर्सेनिकग्रस्त भागासाठी त्याच्याकडून आशा होती आणि थोडी अजूनही आहे, पण दरवर्षी उन्हाळी भातासाठी नलिकाविहिरीतून नवे आर्सेनिक शेतात येत राहते. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचा हा प्रकार आहे.

निकेलचे मात्र गणित वेगळे, कारण तिथे माती स्वच्छ करायची नसून धातूच विकायचा आहे. अल्बेनियात सर्पेंटाइनच्या नापीक जमिनीवर खत घालून घेतलेल्या ॲलिसमच्या पिकातून हेक्टरी सुमारे १०० किलो निकेल निघते. पाला जाळायचा आणि राखेतून निकेल काढायचे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात मात्र अशाच लागवडीसाठी आणलेले ॲलिसम शेताबाहेर पसरले आणि राज्याला ते उपद्रवी तण ठरवावे लागले.

माझ्या मते आपल्याकडच्या परिस्थितीला सर्वांत जवळचा मार्ग धातू काढण्याचा नाही, तो जागच्या जागी अडवण्याचा आहे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे केले. ढिगाऱ्यात सेंद्रिय पदार्थ नव्हता, नत्र नव्हते, मुळाशी राहणारी बुरशी नव्हती. त्यांनी साखर कारखान्यातली प्रेसमड घातली, मुळांवरची बुरशी आणि नत्र बांधणारे जिवाणू आणले आणि साग, शिसू, कडुनिंब अशी झाडे लावली. मँगनीज तिथेच राहिले. फक्त ते वाऱ्याने उडून किंवा पावसाने वाहून शेजारच्या शेतात जायचे कमी झाले. गोव्यातल्या खाणींच्या मातीच्या डोंगरांपाशी पावसाळ्यात खालच्या भातशेतीत गाळ उतरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या ‘फक्त’चे मोल कळेल. अशा ठिकाणी धातू मुळातच रोखणारे झाड हवे. पानात साठवणारे झाड लावले तर गुरे तो पाला खातील, आणि पानगळीने धातू परत वरच्या मातीत येईल.

झिन्झूच्या खोऱ्यात जपानने झाडांवर भरवसा ठेवलाच नाही. १९७९ पासून २०१२ पर्यंत ८६३ हेक्टर शेतांची माती बदलली. ते परवडणारा देश जपानच.

म्हणून अन्नाच्या बाबतीत संशोधनाचा झोत मातीवरून झाडाकडे वळला: दाण्यात धातू जाऊ न देणारा वाण. भातात कॅडमियम बहुतांशी ओएसएनरॅम्प-५ या मँगनीजच्या दारातून येते. २०१२ साली जपानमध्ये कोशिहिकारी या लोकप्रिय तांदळाच्या बियांवर कार्बन आयनांचा मारा करून हे जनुक मोडलेली रोपे मिळवली. दाण्यात कॅडमियम जवळपास शून्यावर आले. त्यातून ‘कोशिहिकारी कान १’ हा वाण निघाला. त्रास असा, की मँगनीजही कमी येते, आणि मँगनीज कमी असलेल्या जमिनीत या वाणावर पानांवरच्या तपकिरी ठिपक्यांचा रोग वाढतो.

२०२२ साली याच दारावर एक उलटे उत्तर मिळाले, आणि तेही केरळच्या खाऱ्या खाचरांतल्या पोक्काळी भातात. पोक्काळीत हे जनुक मोडलेले नाही, उलट त्याच्या दोन प्रती आहेत. मुळात मँगनीज आणि कॅडमियम दोन्ही जास्त येतात. पण पुढे जलवाहिनीत चढताना भरपूर असलेले मँगनीज कॅडमियमला मागे ढकलते, ते मुळातच अडकते आणि दाण्यात कमी पोहोचते. ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा यांच्या गटाने हे जनुक कोशिहिकारीत संकराने आणून तसाच परिणाम दाखवला. दार जास्त उघडे ठेवून पाहुण्याला ओसरीवरच अडवणे, ही कल्पना प्रयोगशाळेत कोणाला सुचली असती असे वाटत नाही. पोक्काळीने ती शेतकऱ्यांच्या हातून खारवट पाण्यात शतकानुशतके जपली.

भाताच्या बाबतीत एक पेच अजून सुटलेला नाही. खाचरात पाणी भरून ठेवले की गंधकाचे सल्फाइड होते, कॅडमियम त्याच्याशी बांधले जाते आणि दाण्यात कमी जाते. त्याच वेळी आर्सेनिक मोकळे होऊन दाण्यात जास्त जाते. पाणी काढून जमीन वाळवली की नेमके उलट. पाणी वाचवण्यासाठी आणि मिथेन कमी करण्यासाठी आज आळीपाळीने ओले-सुके करण्याची शिफारस सगळीकडे होते. आर्सेनिकच्या पट्ट्यात ती उत्तम. कॅडमियमच्या पट्ट्यात ती धोकादायक, विशेषतः दाणे भरताना. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत पांढऱ्या तांदळासाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आहे आणि असेंद्रिय आर्सेनिकची ०.२. दोन्ही एकाच शेतात पाळायच्या तर पाणी कधी काढायचे हे मातीची तपासणी केल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. सरसकट सल्ला देणाऱ्यांनी निदान हे तरी सांगावे.

पालेभाज्यांचे गणित त्या मानाने सोपे आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष अधिक खटकते. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढणारा पालक, मुळा आणि लाल माठ सगळ्यांनी पाहिला आहे. सगळ्याच शहरांच्या कडेला सांडपाण्यावरची अशी शेती असते, आणि तिच्यावर घरे चालतात. पालक आणि त्याच्यासारख्या पालेभाज्या कॅडमियम पानात चढवण्यात पटाईत. तीच माती, तेच पाणी, पण भेंडी, वांगे, दुधी यांच्या फळांत त्यातला लहानसा भाग येतो, कारण जलवाहिनीचे पाणी मुख्यतः पानाकडे जाते. शेंगभाज्यांतही कमी. मातीचा सामू चुना घालून वाढवला की कॅडमियम मातीला धरून राहते. कंपोस्टने आणि झिंक सल्फेटच्या योग्य मात्रेनेही फरक पडतो. स्फुरदखतांतून खडकातले कॅडमियम दरवर्षी शेतात येते, हे मात्र कोणीच मोजत बसत नाही. आणि माती फारच बिघडलेली असेल तर त्या वाफ्यात खाण्याचे काही पिकवण्याऐवजी झेंडू, शेवंती किंवा निशिगंध लावावा. फुलबाजारात त्यांना भाव मिळतो, आणि झेंडूने मुळात किंवा पानात काय साठवले याची काळजी निदान जेवणाऱ्याला करावी लागत नाही. पूजेनंतरचे निर्माल्य खतात टाकताना मात्र ती पुन्हा करावी लागेल.